पाणकराची साक्ष

१

सावरटोल्याच्या मोठ्या तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, कुणीही चाललं की टिटवी ओरडते. चोर असो की साव, तिला सगळे सारखे. त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास ती ओरडायची थांबेना, म्हणून गवताचे भारे घेऊन परतणाऱ्या बायकांनी तुडुमाकडे पाहिलं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचा दगडी बुरूज. त्यातली लाकडी खुंटी उपसली की पाणी पाटात उतरतं. त्या बुरजाच्या पायरीला लागून तुलाराम पाणकर पाण्यात पालथा पडला होता.

पाणकर म्हणजे गावानं पाणी वाटायला नेमलेला माणूस. तुलारामची स्वतःची एक बांधी, म्हणजे धानाचं एक खाचरही, नव्हती, पण त्यानं लावलेली पाळी मोडायची कुणाची छाती नव्हती. धान दाण्यावर आलं होतं, शेवटचं पाणी सुरू होतं. तुडुमाच्या दगडावर त्यानं खडूनं बावीस नावं मांडली होती. एकवीस नावांपुढं बरोबरची खूण होती. बाविसावं नाव रूपाचं होतं, आणि त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

रूपा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवायची. बातमी कळताच ती धावत पारीवर गेली. कुणी म्हणत होतं, बुडग्याचा पाय घसरला. पण लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा डोक्याच्या मागचा घाव सगळ्यांनाच दिसला. घसरून पुढं पडलेल्या माणसाला मागून मार कसा लागेल?

सकाळी सव्वादहाला हाच म्हातारा रूपासमोर उभा होता.

"पोरी, तुह्या कॉम्प्युटरात आवाज भरता येते का?"

"येते जी."

"मंग भर. तलाव फुटला त्याचं सांगाचं हाये, उद्या तहसीलदार सायबाले नेऊन देऊ. पण तू बाहीर बस. तुह्या कानानं पयले नोको ऐकू."

ती चाळीस मिनिटं ओट्यावर बसून राहिली. आत म्हातारा कॉम्प्युटरशी बोलत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "उद्यापर्यंत सांभाळ," म्हणाला. "दोपारी तुह्याच बांधीचं पाणी सोडतो."

रूपा कचेरीत परतली आणि तिनं कॉम्प्युटर उघडला. 'तुलाराम काका' नावाची फाइल जागेवर नव्हती. कचरापेटीतही नव्हती.

२

गुरुवारी संध्याकाळी पवनी ठाण्याचा चंद्रकुमार जमादार कचेरीत येऊन बसला. त्याच्या हातात भंडाऱ्याहून आलेल्या तपासनिसानं लिहून दिलेला कागद होता.

"आवाज अकरा वाजून पाच मिनिटाले साठवला. बारा आठले कोणीतरी उघडला. बारा पन्नासले पुसला." त्यानं कागदावरून नजर उचलली. "आणि कोणाच्या नावानं? रूपा. मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"साहेब, त्या नावानं समदेच बसतात! पासवर्ड त भिंतीवर चिकटवला हाये, कॅलेंडरच्या खाली. आणि कचेरीची किल्ली दारावरच्या कोनाड्यात रायते."

ते खरंच होतं. शंभर उतारे काढायचे असताना रोज कोण पासवर्ड आठवत बसणार? सरकारी कुलपाची किल्ली कुलपाशेजारीच टांगायची ही आपली जुनी रीत आहे. पण जमादाराला या रीतीचं कौतुक नव्हतं.

"मागच्या भादव्यात तलाव फुटला. तुहा नवरा निकेश त्याच्यात वाहून गेला. बरोबर? आता बुडग्यानं त्याच्याबद्दलच काही सांगतलं असंल. तो वर्षभर चूप बसला हे तू ऐकलं, आणि तुहं डोस्कं फिरलं."

"मी जेवाले घरी होती."

"कोणी पाहालं?"

कुणीच नाही. सासू शेतावर होती, सात वर्षांची पोर शाळेत होती. एक वाजता चपराशी प्रविणचा पवनीहून फोन आला होता, तेवढाच.

"फोन त पारीवर उभं राहूनही घेता येते," जमादार उठत म्हणाला. "उद्या दुपारी गाडी येईल. पोरीची सोय लावून ठेव."

तो गेल्यावर प्रविणनं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. निकेश गेल्यापासून तिच्या घरचं लाकूडफाटा, दळण, सगळं यानंच पाहिलं होतं. श्रावणात तिनं बांधलेली राखी उन्हापावसानं पांढरी पडली होती, तरी अजून त्याच्या मनगटावर होती. "रडू नोको ताई," तो म्हणाला. "मी हावो ना."

रूपानं डोळे पुसले आणि पवनीला कुंताबाई मॅडमना फोन लावला.

३

कुंताबाई म्हणजे पवनीच्या संगणक वर्गाच्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं शिकवून त्यांना एक खोड लागली होती: समोरचा चुकला की त्या आधी चष्मा काढत आणि मग बोलत. शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या उतरल्या, काखेत लॅपटॉप आणि पिशवीत पेचकस. कचेरीच्या दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"बटन लावू नका!"

ग्रामसेवक वीरेंद्र दचकला. त्याचं बोट कॉम्प्युटरच्या बटणावरच होतं. हा रोज भंडाऱ्याहून मोटरसायकलनं येणारा माणूस.

"मॅडम, हा कॉम्प्युटर तसाही हँग होतो. माझे अहवाल अडकलेत. फॉरमॅट मारून मोकळं व्हायचं म्हणतो."

"फॉरमॅट? आजच? माणूस मेला, बाई तुरुंगात चालली, आणि तुम्हाले अहवाल सुचून राहिले?"

वीरेंद्रचा चेहरा पडला. तेवढ्यात जमादारही आला. कुंताबाईंनी त्याला नमस्कार केला आणि रूपाकडं वळल्या.

"ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय सांगतलं होतं मी तुले वर्गात?"

"पाणकर, मॅडम."

जमादाराची भुवई वर गेली. मग कुंताबाईंनी त्याचाही वर्ग घेतला. कॉम्प्युटरात पन्नास कामं एकाच वेळी पाणी मागत असतात. हा पाणकर एकेकाला पाळी देतो, आणि इतक्या झपाट्यानं देतो की प्रत्येकाला वाटावं पाणी आपल्याच बांधीत चाललंय. कुणाला किती जागा द्यायची, कोणती फाइल कुठं ठेवली, दारातून कोण आत आलं, कोणती वस्तू जोडली, हे सगळं तोच पाहतो. स्वतः काही पेरत नाही, पण त्याच्यावाचून कुणाचं पिकतही नाही.

"आता सांगा जमादार साहेब. तुडुमावरचं नाव पुसलं म्हणजे बांधीतलं पाणी आटते का?"

"नाही आटत."

"फाइल पुसली म्हणजे पाणकरानं यादीतलं नाव पुसलं आणि ती जागा मोकळी म्हणून मांडली. आतलं पाणी तसंच रायते. त्या जागेवर दुसऱ्याची पाळी लागली, की मग गेलं. म्हणून म्हणते, बटन लावू नका. कॉम्प्युटर चालू होताना लिहिते, बंद होताना लिहिते. या साहेबांच्या एका अहवालाखाली तुलारामचा आवाज कायमचा गाडला जाईल."

बाहेर ओट्यावर प्रविण चहाचे पेले लावत होता, तो थांबला.

जमादारानं मान हलवली. कुंताबाईंनी पेचकस काढून डबा उघडला, आतली डिस्क बाहेर काढली आणि फक्त वाचता येईल अशी आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

"दोन तास लागतील. तवर ज्याईले हा पासवर्ड मालूम हाये त्याईले बोलवा."

४

रूपा सोडून तिघांना मालूम होता. पहिला आला राजकुमार, सरपंचबाईंचा नवरा. सही बायकोची आणि आवाज याचा, असा गावाचा कारभार होता. सोमवारी पाळीवरून त्यानं तुलारामला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या.

"घातल्या. मंग? शिव्या देल्यानं माणूस मरत असता त अर्धं गाव मोकळं झालं असतं." तो खुर्चीत रेलला. "मंगळवारी दोपारी मी शेतात होतो. एकटाच."

"मोबाईल कुठं चार्ज करता तुम्ही?" कुंताबाईंनी विचारलं.

राजकुमार जमादाराकडं पाहून हसला. "लाइन असली त घरी. नसली त इथंच. इन्व्हर्टरवर हा एकच कॉम्प्युटर चालते, समदं गाव त्याले वायर लावते."

दुसरा वीरेंद्र. मंगळवारी आपण पवनीला बैठकीत होतो, असं त्यानं सांगितलं. जमादारानं तिथंच फोन फिरवला. बैठक रद्द झाली होती.

"मी भंडाऱ्याला घरी होतो," वीरेंद्र शेवटी पुटपुटला. "झोपलो होतो. लिहू नका, साहेब, नोकरीचा प्रश्न आहे."

त्यालाही तोच प्रश्न. त्याचंही तेच उत्तर: इथंच. जमादाराला आता हसू आवरेना. खुनाचा तपास चाललाय की मोबाईलच्या दुकानाचा, असं तो रूपाच्या देखत म्हणालासुद्धा. रूपाला मात्र हसू आलं नाही. गाडी यायला थोडाच वेळ उरला होता, आणि हिरवी पट्टी अजून अर्ध्यावर होती.

तिसरा प्रविण. तो खुर्चीत बसलाच नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"मी अकरा वाजता टपाल घेऊन सायकलनं पवनीले गेलो. तीनले आलो. मधात एक वाजता ताईले फोन केला, प्रिंटरचा कागद आणू का म्हणून."

"निघाला तवा तुले मालूम होतं, तुलाराम आत काय करते?"

प्रविणनं रूपाकडं पाहिलं. रूपाला आठवलं. ओट्यावर त्यानं सहज विचारलं होतं आणि तिनं सहज सांगितलं होतं: तलाव फुटला त्याचं काही सांगते म्हणे, उद्या तहसीलदाराले नेऊन देणार हाये.

"ताईनं सांगतलं होतं," प्रविण म्हणाला. "मले त मोबाईलचीच चिंता होती. लाल बत्ती लागली होती, सकाळपासून लाइन नाही, आणि बुडगा कॉम्प्युटरसमोरून उठेना."

"मंग एक वाजता बोलला कसा?"

"पवनीत चाहाच्या टपरीवर चार्ज केला जी."

जमादाराचं हसू थांबलं. "मंगळवारी? त्या दिवशी ठाण्यातही दोन वाजेपर्यंत लाइन नव्हती."

"टपरीवाल्याजवळ डबा असते ना, साहेब, चार्जिंगचा," प्रविण लगेच म्हणाला. म्हणायला उत्तर चोख होतं. कुंताबाईंनी मान डोलावली आणि त्याला जाऊ दिलं.

रूपाला मात्र तो फोन आठवत होता. भाकरीचा घास हातात होता. प्रविण विचारत होता, ताई, घरीच हायस ना? जेवलीस ना? आरामात जेव, घाई नोको करू. आणि त्याच्या आवाजामागं काहीतरी सारखं ओरडत होतं. तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. आता तो आवाज तिला ओळखू आला.

पवनीच्या भरबाजारात टिटवी कुठून आली?

५

साडेबाराला हिरवी पट्टी भरली. कुंताबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. प्रविण दाराशी उभा राहिला, राजकुमार खुर्चीत, वीरेंद्र खिडकीपाशी.

"जमादार साहेब म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. खरं हाये. पण तुमच्या माणसानं त्याले अर्धाच प्रश्न विचारला. फाइल कोणाच्या नावानं उघडली, एवढंच. नाव सगळ्याईचं एकच. मी दुसरा प्रश्न विचारला. त्या वेळी या कॉम्प्युटरले काय काय जोडलं होतं?"

त्यांनी लॅपटॉप जमादाराकडं वळवला.

"वायर लावणाऱ्याले वाटते, मी फक्त वीज घेऊन राहिलो. पण पाणकर अनोळखी माणसाले पाणी देत नाही. जोडलेली वस्तू कोणती, तिचा नंबर काय, शेवटची कधी लागली, कधी सुटली, हे तो आपल्या वहीत मांडून ठेवते. या वहीत वर्षभरातले अकरा मोबाईल हायेत. मंगळवारी दोपारी त्यातला एकच होता. बारा वाजून सहा मिनिटाले लागला. दोन मिनिटानं फाइल उघडली. बारा एकोणपन्नासले सुटला, आणि एका मिनिटानं फाइल पुसली."

"म्हणजे त्यानं पूर्ण ऐकली," जमादार हळूच म्हणाला.

"पूर्ण. बेचाळीस मिनिटं. बंद कचेरीत, एकटा बसून."

कुंताबाईंनी लॅपटॉपची मोकळी वायर पुढं केली.

"आता आपापले मोबाईल एकेक करून माह्या लॅपटॉपले लावा. पाळीनं."

वीरेंद्रनं लावला. पडद्यावर त्याचा नंबर उमटला, कुंताबाईंनी मान हलवली. राजकुमारनं कुरकुरत लावला. त्याचाही नव्हता.

"प्रविण."

प्रविण हलला नाही. "माहा मोबाईल कचेरीतच राहिला असंल त्या दिवशी. कोणी लावला असंल, मले काय मालूम?"

"कचेरीत राहिला?" कुंताबाईंनी चष्मा काढला. "मंग एक वाजता पवनीहून तू रूपासंग कोणत्या मोबाईलवर बोलला? बारा एकोणपन्नासले तो इथून सुटला. अकरा मिनिटात सोळा किलोमीटर सायकल हाणली का, बाप्पा?"

"तो पारीवरून बोलला," रूपा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "मांगं टिटवी ओरडत होती. मी घरी हावो का, हे पाहाले केला त्यानं फोन. मले म्हणाला, आरामात जेव."

प्रविणनं मोबाईल खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. मनगटावरची पांढरी राखी त्यानं बाहीखाली सारली. जमादार दार अडवून उभा राहिला.

"सवय हाये, मॅडम," प्रविण म्हणाला. "आलो की लावतो. पाच वर्स झाले. त्या दिवशीही हातानं आपोआप लावली वायर. मले समजलंही नाही."

६

मग त्यानं सगळं सांगितलं: आवाज पुसून तो थेट पारीवर गेला, आणि तुलाराम खुंटी उपसायला वाकला तेव्हा मागून त्याच्या डोक्यात घाव घातला. मुळात प्रविणच्या दोन बांध्या तलावाच्या वरच्या अंगाला, बुडिताच्या काठाला. मागच्या भादव्यात तलाव तुडुंब भरला आणि धान चार दिवस पाण्याखाली राहिलं. थोडं पाणी उतरावं म्हणून त्यानं पारीत हातभर चारी खोदली. हातभर चारीचं भगदाड व्हायला एक घटका पुरली. खाली पाटात निकेश उतरला होता, कुणाची तरी म्हैस सोडवायला.

"एवढी फुटंल असं वाटलं नव्हतं, ताई."

रूपानं त्याच्याकडं पाहिलं नाही. दळणाचे डबे, लाकडाच्या मोळ्या, पोरीसाठी आणलेला चॉकलेटचा पुडा, एक एक वस्तू तिच्या डोळ्यांपुढं येत होती आणि प्रत्येकीची तिला किळस येत होती. या माणसाच्या ताटात तिनं पुरणपोळी वाढली होती.

जमादार त्याला गाडीत बसवून परत आला. रूपासाठी मागवलेली तीच गाडी होती. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "बाई, माहं चुकलं," एवढंच तो म्हणाला.

कुंताबाईंचं बोट लॅपटॉपवर होतं. "आवाज पुरता निघाला हाये. मी आणि साहेब ऐकतो. तू बाहेर बस पाहिजे तर."

"एकदा बसली बाहीर," रूपा म्हणाली. "आता मी ऐकते."

खोलीत मेलेल्या माणसाचा आवाज भरला. तो अडखळत होता, खोकत होता, मधेच गप्प राहत होता. त्यानं तारीख सांगितली, जागा सांगितली, खांद्यावर फावडं घेऊन पारीवरून उतरणारा प्रविण सांगितला. मग आवाज खाली गेला.

"त्यानं माहे पाय धरले. मी म्हटलं, मी नाही सांगत. तूच जाय, रूपाले सांग. तुही पाळी हाये. तुले एक वर्स देलं. भादवा गेला, नवा भादवाही गेला. तो सांगत नाही, पोरगी त्याले राखी बांधते, आणि मी पाहतो. जिंदगीभर मी कोणाची पाळी दुसऱ्याले देली नाही. पण याची पाळी लांबवली, त्याच्यात तुहा न्याय अडकला, पोरी. मले माफ कर."

त्याच्यापुढं बराच वेळ नुसता श्वास होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि रेकॉर्डिंग संपलं.

रूपा उठली. भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला करून तिनं पासवर्डचा कागद ओरबाडून काढला आणि त्याचे तुकडे केले. कॉम्प्युटरच्या मागं एक मळकी पांढरी वायर लोंबत होती. तिला तिनं हात लावला नाही, ती जमादारासाठी ठेवली.

पारीवर ती एकटीच गेली. टिटवी ओरडत डोक्यावरून दोनदा फिरली. तीन दिवस कुणी तुडुमाकडं फिरकलं नव्हतं, आणि खाली तिच्या बांधीतल्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. ज्या पायरीवर तुलाराम पडला होता, त्याच पायरीवर ती उतरली. दोन्ही हातांनी जोर लावून तिनं खुंटी उपसली. आत घुसमटलेलं पाणी घोगऱ्या आवाजानं पाटात उतरलं.

निकेशसाठी वर्षभरात तिला जेवढं रडू आलं नव्हतं, तेवढं तिथं आलं. ती दगडाला कपाळ टेकून रडली, म्हाताऱ्यावर रागावली, आणि त्याला माफही करून बसली.

मग तिनं पायरीच्या फटीत अडकलेला खडूचा तुकडा शोधून काढला आणि बाविसाव्या नावापुढं बरोबरची खूण केली.